मारतात, पण कशा? कार-टी पेशींची प्रयोगशाळेतली परीक्षा

दिल्लीत मुनिरका गावातल्या भाड्याच्या खोल्यांमधून रोज सकाळी जी तरुण मुलं-मुली पाठीला सॅक लावून बाहेर पडतात, त्यांतली बरीचशी रस्त्यापलीकडच्या जेएनयूत जातात. काही जण जातात अरुणा असफ अली मार्गावरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनॉलॉजीत, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एनआयआय’त. शरीराची प्रतिकारशक्ती हा या संस्थेचा मूळ विषय. विनीता बाळ आणि सत्यजित रथ ही नावं अनेक मराठी वाचकांना परिचित असतील. पुण्यात वैद्यकीचं शिक्षण घेतलेल्या या दोघांनी इथेच दीर्घकाळ संशोधन केलं आणि पुढे ते पुण्याच्या आयसरमध्ये गेले.

या परिसरातल्या मराठी कुटुंबांत अलीकडे एक प्रश्न वारंवार कानावर येतो. घरात कुणाला ल्युकेमिया किंवा लिम्फोमा झालेला असतो, केमो होऊनही आजार उलटलेला असतो आणि कुणीतरी सांगतं की मुंबईत तयार झालेली ‘कार-टी’ आता मिळते. ती खरंच काम करते का? बातम्यांतून या उपचाराची किंमत कळते, बऱ्या झालेल्या रुग्णाचा फोटो दिसतो. त्याच्या आधीची काही वर्षं या पेशी प्रयोगशाळेत कोणकोणत्या कसोट्यांना उतरलेल्या असतात, हे मात्र क्वचितच वाचायला मिळतं. माझ्या मते रुग्णाच्या घरच्यांनी समजून घेण्याजोगा सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे.

कार-टी म्हणजे काय

आपल्या रक्तातल्या टी पेशी विषाणूची लागण झालेल्या पेशी ओळखून मारतात. कर्करोगाच्या पेशी मात्र आपल्याच शरीरातल्या असल्यामुळे पुष्कळदा त्यांच्या नजरेतून सुटतात. म्हणून रुग्णाच्या रक्तातून टी पेशी वेगळ्या काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या मदतीने त्यांच्यात एक नवा जनुक घालायचा आणि त्या जनुकामुळे पेशीच्या पृष्ठभागावर एक कृत्रिम ग्राहक उगवू द्यायचा. या ग्राहकाचं नाव कायमेरिक अँटिजन रिसेप्टर, थोडक्यात ‘कार’. त्याचं बाहेरचं टोक कर्करोगाच्या पेशीवरची खूण पकडतं आणि आतलं टोक टी पेशीला ‘मार’ असा इशारा देतं.

ही कल्पना इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या झेलिग एशर यांनी १९८९ मध्ये प्रयोगाने मांडली. पहिल्या रचनेच्या पेशी लवकर थकत. आतल्या टोकाला ४-१बीबी किंवा सीडी२८ या प्रथिनाचा तुकडा जोडल्यावर त्या टिकायला लागल्या. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेने ‘किमराया’ला मान्यता दिली. तिचं लक्ष्य सीडी१९ ही खूण. रक्तातल्या बी पेशींवर ती असते आणि बी पेशींच्या बहुतेक कर्करोगांतही टिकून राहते.

एका रुग्णासाठी बनवलेली पेशींची पिशवी दुसऱ्याला चालत नाही. गोळ्यांच्या कारखान्यात एका घाण्यातून लाखो गोळ्या निघतात आणि त्यांतल्या मोजक्या तपासून भागतं. इथे एका माणसासाठी एकच घाणा असतो, त्यामुळे आधी मूळ रचनेची परीक्षा होते आणि नंतर प्रत्येक पिशवीची वेगळी.

ताटलीतली पहिली कसोटी

पहिला प्रश्न साधा आहे. या पेशी कर्करोगाच्या पेशी मारतात का?

त्यासाठी लागतात कायम वाढत राहणाऱ्या कर्करोगपेशी. ‘नाल्म-६’ नावाच्या पेशी जगभरच्या कार-टी प्रयोगशाळांत सापडतात. १९७० च्या दशकात ल्युकेमिया झालेल्या एका तरुणाच्या रक्तातून घेतलेल्या या पेशी अजून वाढत आहेत आणि त्यांच्यावर सीडी१९ भरपूर आहे. ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये, गुलाबी रंगाच्या पोषक द्रवात त्या वाढतात. द्रव पिवळा पडू लागला की समजायचं, पेशी भराभर वाढून आम्ल साचलंय. आता द्रव बदलायला हवा, मग रविवार असो की दिवाळी. पेशींवर काम करणारा माणूस घरच्या कार्याला उशिरा पोचतो, तो बहुधा याच कारणाने.

मग ९६ खळग्यांची, तळहाताएवढी प्लास्टिकची ताटली घ्यायची. प्रत्येक खळग्यात ठरावीक संख्येने नाल्म-६ आणि त्यांच्यावर कार-टी पेशी. एका रांगेत एका कर्करोगपेशीमागे दहा टी पेशी, पुढच्या रांगेत पाच, मग एक. संख्या कमी केली तरी मारण्याचं काम चालू राहतं का, ते यातून दिसतं. पूर्वी कर्करोगपेशींत किरणोत्सारी क्रोमियम-५१ भरत. पेशी फुटली की ते बाहेरच्या द्रवात येई आणि मोजता येई. आता बहुतेक ठिकाणी काजव्याचं ल्युसिफरेज हे प्रकाश देणारं प्रथिन कर्करोगपेशींत बसवलेलं असतं. जितक्या पेशी जिवंत, तितका उजेड.

या प्रयोगाचा खरा कस मात्र बाजूच्या खळग्यांत लागतो. एका रांगेत त्याच माणसाच्या, पण जनुक न घातलेल्या टी पेशी ठेवाव्या लागतात. त्यांनीही तितकंच मारलं तर श्रेय ‘कार’चं नव्हे. दुसऱ्या रांगेत सीडी१९ नसलेल्या कर्करोगपेशी. त्याही मेल्या तर कार-टी खूण न बघताच मारत सुटल्या आहेत. काही खळग्यांत नुसत्या कर्करोगपेशी, कारण थोड्या पेशी आपोआपही मरतात आणि तो आकडा वजा करावा लागतो. एखाद्या संशोधनाची बातमी वाचताना मी या बाजूच्या रांगांचा उल्लेख शोधते. ‘९० टक्के कर्करोगपेशी नष्ट’ या वाक्याला त्यांच्याशिवाय काहीच अर्थ नसतो.

पुढच्या पायरीवर टी पेशींना पुन्हा पुन्हा कामाला लावतात. नाल्म-६ संपल्या की ताज्या घालायच्या, त्या संपल्या की आणखी. काही फेऱ्यांनंतर दमलेल्या टी पेशींवर पीडी-१, टिम-३ यांसारख्या थकव्याच्या खुणा दिसू लागतात. शरीरात या पेशींना महिनोन् महिने टिकायचं असतं, त्यामुळे पहिल्या दिवशीच्या मारक शक्तीपेक्षा या फेऱ्यांचा निकाल मला अधिक बोलका वाटतो.

मुंबईने विचारलेला दुसरा प्रश्न

आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेने कार-टीवर काम सुरू केलं, तेव्हा ‘मारतात का’ याचं उत्तर जगाला मिळालेलं होतं. त्यांच्यापुढचा प्रश्न निराळा होता. मारताना या पेशी किती कल्लोळ करतात?

टी पेशी शत्रूला भिडली की सायटोकाइन नावाची रसायनं सोडते. त्यांनी इतर पेशी चेततात, मोनोसाइट या पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-६ ओतू लागतात, रुग्णाला प्रचंड ताप येतो, रक्तदाब कोसळतो. अमेरिकेत २०१२ मध्ये एमिली व्हाइटहेड या मुलीवर हा उपचार झाला तेव्हा तिचा जीव याच वादळात जाता जाता वाचला. तिला वाचवलं ते सांधेदुखीवरच्या टोसिलिझुमॅब या औषधाने. कोविडच्या दुसऱ्या लाटेत हेच इंजेक्शन मिळवण्यासाठी आपल्याकडे नातेवाइकांनी किती वणवण केली, ते अजून पुष्कळांच्या लक्षात असेल. जिथे अतिदक्षता विभागातली खाट मिळवणंच मुश्कील, तिथे कार-टी पेशींचा हा स्वभाव जिवावर बेतू शकतो.

म्हणून पुरवार यांच्या गटाने ‘कार’च्या बाहेरच्या टोकाला हात घातला. किमरायात ते टोक एफएमसी६३ या उंदराच्या प्रतिपिंडातून आलं आहे. मुंबईच्या गटाने त्याचा सांगाडा बदलून माणसाच्या प्रथिनासारखा केला. आतली ४-१बीबीची जोडणी ठेवली. मग नवी आणि जुनी अशा दोन्ही रचना शेजारी शेजारी ठेवून तपासल्या. निरोगी दात्यांच्या टी पेशी घेतल्या आणि आजार उलटलेल्या ल्युकेमियाच्या रुग्णांच्याही. हा दुसरा गट महत्त्वाचा, कारण केमो सोसलेल्या माणसाच्या टी पेशी निरोगी माणसासारख्या जोमदार नसतात आणि औषध तर त्याच्याच पेशींपासून बनायचं असतं.

याच गटातल्या अल्का द्विवेदी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मारण्याच्या आणि वाढण्याच्या बाबतीत दोन्ही रचना जवळपास सारख्या ठरल्या. फरक होता आवाजात. नव्या रचनेच्या पेशींनी इंटरफेरॉन गॅमा आणि टीएनएफ अल्फा कमी सोडलं. मोनोसाइटसोबत ठेवल्यावर मोनोसाइटमधून येणारं इंटरल्यूकिन-६ सुद्धा कमी भरलं. ताटलीत मोनोसाइट घालणं ही दिसायला छोटी गोष्ट आहे. पण वादळ टी पेशी एकट्या उठवत नाहीत, त्यामुळे त्या एकट्यांना तपासून त्याचा अंदाज येत नाही. आपल्या रुग्णालयांची स्थिती डोळ्यांसमोर ठेवून प्रयोगशाळेतला प्रश्न बदलला गेला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

उंदीर काय सांगतो

ताटलीनंतर उंदीर. स्वतःच्या टी, बी आणि नैसर्गिक मारक पेशी नसलेली उंदरांची खास जात यासाठी वापरतात, नाहीतर माणसाच्या पेशी त्यांच्या शरीरात टिकणारच नाहीत. शेपटीच्या शिरेतून उजेड देणाऱ्या नाल्म-६ सोडतात आणि काही दिवसांनी कार-टी. मग ठरावीक दिवसांनी उंदराला ल्युसिफेरिन टोचून, भूल देऊन अंधाऱ्या पेटीतल्या कॅमेऱ्याखाली ठेवतात. उपचार न मिळालेल्या उंदरांच्या चित्रांत पाय, पाठ, डोकं भडक रंगांनी भरत जातं. कार-टी मिळालेल्यांचं चित्र निवत जातं. मुंबईच्या रचनेने ही परीक्षाही पार केली.

पण उंदराच्या साक्षीला मर्यादा आहेत. त्याच्या अंगात माणसाचे मोनोसाइट नसतात, म्हणून सायटोकाइनचं वादळ नीट दिसत नाही. शिवाय माणसाचा सीडी१९ ओळखणाऱ्या पेशींना उंदराचा सीडी१९ ओळखता येत नाही. निरोगी अवयवांवर हल्ला होईल का, या प्रश्नावर म्हणूनच हा उंदीर फारसं काही सांगू शकत नाही.

परीक्षा अपुरी पडली तेव्हा

२०१० मध्ये अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने एक घटना जाहीर केली. आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला एचईआर२ ही खूण ओळखणाऱ्या १,००० कोटी कार-टी पेशी दिल्या होत्या. १५ मिनिटांत श्वास लागला आणि पाच दिवसांनी मृत्यू झाला. फुप्फुसाच्या निरोगी पेशींवर एचईआर२ अगदी थोडं असतं आणि कार-टीला तेवढंही पुरलं, असा संशोधकांचा निष्कर्ष होता.

दुसरी घटना मला अधिक अस्वस्थ करते. एमएजीई-ए३ या कर्करोगाच्या खुणेवर नेम धरणाऱ्या, ग्राहक बदललेल्या टी पेशी दोन रुग्णांना दिल्या गेल्या. काही दिवसांतच दोघेही हृदय निकामी होऊन गेले. आधीच्या तपासण्यांत हृदयाच्या पेशींना धोका दिसला नव्हता. उलगडा २०१३ मध्ये झाला. त्या टी पेशी टायटिन या स्नायूतल्या प्रथिनाचा तुकडा चुकून ओळखत होत्या. ताटलीत वाढवलेल्या नेहमीच्या हृदयपेशी स्वस्थ पडून असतात आणि त्यांच्यात हे टायटिन तयारच होत नाही. मूलपेशींपासून बनवलेल्या, ताटलीत खरोखर धडधडणाऱ्या हृदयपेशी घेतल्यावर मात्र टी पेशींनी त्यांच्यावर हल्ला केला. तेव्हापासून नव्या रचनेची परीक्षा घेताना नुसती अवयवाच्या नावाची पेशी पुरत नाही. ती आपलं काम करत असलेली हवी.

तिसरी घटना २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिचा संबंध निर्मितीशी आहे. रुग्णाच्या टी पेशींबरोबर ल्युकेमियाची एकच बी पेशी चुकून आत राहिली होती आणि जनुक तिच्यातही शिरला. तिच्या पृष्ठभागावर उगवलेल्या ‘कार’ने तिचाच सीडी१९ झाकून टाकला. कार-टीला ती दिसेनाशी झाली, वाढली आणि आजार परतला. तो रुग्ण दगावला.

पिशवी बाहेर पडण्याआधी

म्हणून प्रत्येक रुग्णाच्या पेशी ठरावीक तपासण्यांनंतरच बाहेर पाठवल्या जातात. फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागोमाग एक लेझरसमोरून जातात. किती टक्के पेशी टी आहेत, किती जणींवर ‘कार’ उगवला आहे, बी पेशी उरल्या आहेत का आणि जिवंत किती, हे त्यातून कळतं. पीसीआरने प्रत्येक पेशीत जनुकाच्या सरासरी किती प्रती शिरल्या ते मोजतात. प्रती जास्त झाल्या तर पेशीच्या डीएनएत नको तिथे बिघाड होण्याची भीती, म्हणून साधारण पाचच्या आत ठेवण्याची रीत आहे. वाहक विषाणू पुन्हा वाढू शकणारा झालेला नाही ना, हेही पाहावं लागतं.

मग जंतू, बुरशी, मायकोप्लाझ्मा आणि एंडोटॉक्सिन. जंतूंच्या पारंपरिक तपासणीत नमुना १४ दिवस ठेवून काही वाढतंय का ते बघतात. इकडे रुग्णाचा आजार मात्र थांबलेला नसतो, त्यामुळे काही दिवसांत निकाल देणाऱ्या जलद पद्धती आल्या आहेत. या सगळ्या काळात पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडीत गोठलेल्या असतात. कधीकधी पुरेशा पेशी वाढतच नाहीत, किंवा एखादी तपासणी मर्यादेबाहेर जाते. अशा वेळी काय करायचं, हे डॉक्टरांनी रक्त काढण्याआधीच घरच्यांना सांगायला हवं.

खारघर ते दिल्ली

४ जून २०२१ रोजी नवी मुंबईतल्या खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रात, पहिल्या रुग्णाला मुंबईच्या रचनेच्या पेशी दिल्या गेल्या. प्रौढांच्या चाचणीची धुरा हसमुख जैन यांच्याकडे होती, मुलांच्या चाचणीची गौरव नरुला यांच्याकडे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने ‘बायरॅक’मार्फत पैसा पुरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या कार-टीला ‘नेक्सकार१९’ या नावाने मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत तिचं लोकार्पण केलं. इम्युनोअ‍ॅक्ट ही आयआयटीतूनच निघालेली कंपनी ती बनवते.

२०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त या चाचण्यांचे निकाल आले. एकूण ६४ रुग्ण. ज्यांचा निकाल मोजता आला त्यांपैकी ७३ टक्के रुग्णांमध्ये आजार मागे हटला. गंभीर सायटोकाइन वादळ थोड्यांनाच झालं, म्हणजे ताटलीत दिसलेलं बऱ्याच अंशी माणसांतही उतरलं. पण काहींचा आजार काही महिन्यांत परतला आणि उपचाराशी संबंधित मृत्यूही नोंदले गेले. उलटलेल्या ल्युकेमियात याआधी हाती फारसं काही नसायचं, हे लक्षात घेता ७३ हा आकडा मोठाच आहे. तरी घरच्यांनी तो उरलेल्या २७ सकट ऐकावा. परदेशात निव्वळ पेशींची किंमत ३ ते ४ कोटी रुपयांच्या घरात जाते, इथे ती ३० ते ४० लाखांच्या आसपास सांगितली जाते. तीही बहुतेक घरांच्या आवाक्याबाहेरच आहे, म्हणून शासकीय योजनांत या उपचाराला जागा मिळायला हवी असं मला ठामपणे वाटतं.

पेशी अंगात गेल्यावर

दिल्ली-एनसीआरमधल्या काही रुग्णालयांतही आता हा उपचार होतो. रक्त इथे काढलं जातं, पेशी मुंबईकडे जातात आणि गोठवलेल्या स्थितीत परत येतात. त्यानंतरचे पहिले काही आठवडे रुग्णाने रुग्णालयाजवळच राहायचं असतं. मुनिरक्यात राहणाऱ्या कुटुंबाला ते जमण्यासारखं आहे, नांदेडहून आलेल्या कुटुंबाला खोली शोधावी लागते. ताप, बोलताना अडखळणं, हस्ताक्षर बिघडणं यांतलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता निघायचं.

परीक्षा इथेही चालू राहते, आता रक्ताच्या नमुन्यातून. कार-टी पेशी कर्करोगाबरोबर निरोगी बी पेशीही मारतात, कारण खूण एकच. त्यामुळे रक्तात बी पेशी जवळजवळ शून्य असणं हा कार-टी अजून कामावर असल्याचा पुरावा ठरतो. त्याची किंमत म्हणून प्रतिपिंडं कमी होतात, जंतुसंसर्ग वाढतात आणि काहींना इम्युनोग्लोबुलिन बाहेरून द्यावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या उपचारानंतर क्वचित टी पेशींचाच कर्करोग उद्भवू शकतो, असा इशारा औषधांच्या वेष्टनावर घालायला लावला. अशा रुग्णांवर १५ वर्षं लक्ष ठेवण्याची तिथे अपेक्षा आहे.

म्हणून घरी जाताना डिस्चार्ज कार्डाबरोबर तीन कागद मागून घ्यावेत. पिशवीसोबत आलेला तपासणीचा दाखला, दिलेल्या पेशींची संख्या आणि तारीख, आणि बी पेशींच्या मोजणीचा पहिला अहवाल. पुढे डॉक्टर बदलले किंवा गाव बदललं, तरी नव्या डॉक्टरांना सगळ्यात आधी हेच तीन कागद लागतील.